दहा हजार खेळ आणि एक डोळा

दहा हजार गेम! खोक्याच्या अर्ध्या अंगावर लाल-पिवळ्या ठसठशीत आकड्यांत छापलं होतं. आत काय, तर माझ्या तर्जनीएवढी एक काळी कांडी आणि दोन रिमोट. कांडी टीव्हीच्या मागच्या खाचेत खुपसायची, रिमोटमध्ये सेल घालायचे आणि खेळायला बसायचं. रोह्याच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराने हे सांगितलं तेव्हा मी कांडी उलटीसुलटी करून बघितली, खोक्यात पुन्हा हात घालून चाचपलं आणि म्हटलं, "बाकीचं डबडं कुठंय?"

"कसला डबडा, ताई?"

"अहो, गेमचं मशीन. कॅसेट कशात घालायची?"

तो इतका हसला की शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून बघितलं. "ताई, कॅसेटी संपल्या. सगळा ह्या कांडीतच हाय."

मी थक्क झाले, आणि थक्क झाल्या झाल्या मला संशय आला. माझा स्वभावच तसा आहे. कुणी मोठा आकडा सांगितला की माझं डोकं फिरतं. आमच्या लहानपणी टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटवर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव एकात' असं लिहिलेलं होतं आणि आत मोजून चौदा खेळ निघाले होते. तेच चौदा, नावं बदलून, पुन्हा पुन्हा. मी आणि माझा धाकटा भाऊ महेश, आम्ही एका रविवारी वहीत लिहीत लिहीत दोनशेपर्यंत गेलो, पंधरावा खेळ काही सापडला नाही. तीस वर्षं झाली, मशीनची कांडी झाली, पण थापा मारायची तऱ्हा तीच.

"नाही चांगला निघाला तर?" मी विचारलं.

"आठ दिवस बघा. नाय आवडला तर आणून द्या, काय प्रॉब्लेम नाय. फक्त खोका फाडू नका. खोका फाटला की वरून परत घेत नायत."

तेव्हा तो खोका कापडी पिशवीत घालून, वर कोथिंबीर ठेवून मी घरी आणला. नवरा धाटावच्या कंपनीत आहे, दुसऱ्या शिफ्टला निघाला होता. हेल्मेट हातात. त्याने पिशवीत डोकावलं आणि म्हणाला, "चायनाचा माल. आठ दिवस चालला तरी नशीब. आणि आपल्याकडं आता कोण लहान हाय हे खेळायला?"

"आप्पांसाठी आणलाय."

त्याने हेल्मेट गॅसच्या शेगडीवर ठेवलं. खरंच ठेवलं, दुधाच्या पातेल्याशेजारी. "कुणासाठी?"

आप्पा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. पेणला आमचा गणपतींचा कारखाना, आणि आप्पांनी जन्मभर एकच काम केलं, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी. माती मळायला, साचे भरायला, रंग मारायला माणसं मिळतात. डोळ्याला हात लागतो तो एखाद्याचाच. आप्पांनी डोळा आखला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागायची, घरात कुठेही उभे राहा. गेल्या हिवाळ्यात त्यांना उजव्या बाजूला अर्धांगवायूचा हलका झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, पण उजवा हात निर्जीव राहिला आणि अंगठा तर हट्टीच होऊन बसला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी एक पिवळा मऊ चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायचा म्हणून. मागच्या फेरीला मी गेले तेव्हा तो चेंडू खिडकीच्या फटीत होता. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून.

"मी काय लहान पोर हाय? चेंडू कसले दाबायचे?" आप्पा म्हणाले. विषय संपला.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मग त्यांना आवडेल असं काहीतरी द्या, ज्यात अंगठा चालला पाहिजे. आप्पांना आवडेल असं काय? आखणी सोडली तर ह्या माणसाला आवडलेलं काही मी पाहिलंच नव्हतं. दोन दिवस डोकं खाजवलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता मला एकदम त्या जुन्या टीव्ही गेमचा रिमोट आठवला. डाव्या अंगठ्याखाली चार बाण, उजव्या अंगठ्याखाली दोन लाल बटणं. अंगठाच अंगठा.

आता ह्यातली गंमत अशी, की आमच्या घरात आप्पांनी कशाचा सगळ्यात जास्त तिरस्कार केला असेल तर त्या टीव्ही गेमचा. निदान मी तरी तसं धरून चालले होते.

आषाढ लागला की रोह्याहून पेणला जाणं मला आजही नीट जमत नाही. एसटी नागोठण्याला अंबा नदीच्या अंगाने जाते, पाणी पुलाला भिडायला आलेलं असतं, बायका खिडक्या वर-खाली करत भांडत असतात, आणि पेण जवळ आलं की मी पुन्हा आठवीतली मुलगी होते. पेणच्या रामवाडी थांब्यावर उतरले की आधी वास येतो. ओला शाडू, रंग, आणि सुकत नाही म्हणून लावलेल्या मोठ्या पंख्यांची गरम हवा. गल्लीत दोन्ही बाजूंना मूर्ती. आधी पांढऱ्या, मग अंगरंगाच्या, मग पितांबर नेसलेल्या, मुकुट घातलेल्या. आणि सगळ्या आंधळ्या. डोळे शेवटी. सगळं अंग नटवून झालं, की मगच.

आमच्याकडे आखणीची शिस्त कडक होती. आप्पा सकाळी आंघोळ करून ओटीवर बसायचे ते जेवणापर्यंत. त्या वेळात घरात मोठ्याने बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, रेडिओ तर नाहीच. आई शेजारणीशी खुणांनी बोलायची. दुपारी जेवून आप्पा मधल्या खोलीत आडवे व्हायचे. आम्ही तेव्हा शाळेत.

आठवीच्या त्या वर्षी आप्पांनी मला आखणीला बसवलं. मुलगी म्हणून कुणी नाक मुरडलं असेल तर मला माहीत नाही. आप्पांनी मला विचारलंही नाही, एक दिवस बारीक ब्रश हातात दिला. मूर्तीवर नाही, आधी कागदावर. आमच्याकडे येणाऱ्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर. करंगळी टेकवायची, श्वास पूर्ण सोडायचा, आणि पापणीची वरची रेघ एका दमात ओढायची. श्वास आत असला की रेघ थरथरते. "आधी वारा सोड, मग रेघ," एवढंच आप्पा शिकवायचे. मी शेकड्यांनी डोळे काढले. एकदा आईने पाहुण्यांसाठी चादर काढायला कपाट उघडलं आणि आतून शंभरभर डोळे तिच्याकडे बघताना पाहून ती अशी किंचाळली, की गल्लीतली माणसं धावत आली. मला वाटतं, त्या दोन महिन्यांइतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही. हे लिहितानाही माझा मलाच धक्का बसतोय, पण खरं ते खरं.

आणि त्याच उन्हाळ्यात टीव्ही गेम घरात आला होता. आप्पांनीच आणला! रंग आणायला मुंबईला गेले आणि रंगाच्या डब्यांबरोबर एक खोका घेऊन आले. रेडिओ न चालवू देणारा माणूस टीव्ही गेम घेऊन येतो म्हणजे काय! आई दारातच उभी राहिली. "पोरांस्नी पायजे हुता," आप्पा म्हणाले. आम्ही मागितला नव्हता. आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. पण पोरं असली गोष्ट कधी बोलून दाखवतात का? आम्ही तोंड मिटून खेळायला लागलो.

चौदा खेळांत आमचा लाडका रणगाड्यांचा. मधे आपला किल्ला, भोवती विटांच्या भिंती, वरून शत्रूचे रणगाडे यायचे. महेश नि मी मिळून खेळायचो आणि नवव्या फेरीला हमखास मरायचो. नवव्याच्या पुढे काय आहे, हे आम्ही कधी पाहिलं नाही.

त्या श्रावणातला एक रविवार. एका गावच्या मंडळाची मोठी मूर्ती होती, माझ्या डोक्याहून उंच. पावसाने रंग सुकायला उशीर झाला म्हणून आप्पा नेहमीसारखे सकाळी न बसता जेवण झाल्यावर आखणीला बसले. माणसं संध्याकाळी यायची होती. मी शिकवणीहून आले. महेश क्रिकेट खेळायला गेलेला. आप्पा आखणीला बसलेत हे मला माहीत होतं, खोटं कशाला बोलू. पण सकाळची वेळ टळली म्हणजे शिस्तही टळली असं मी मनाशी ठरवलं आणि गेम लावला. आवाज बारीक ठेवायचा विसरले. एवढं आठवतं, की वायर लावताना अडॅप्टर हाताला गरम लागला होता. दमट हवेने झाला असेल, असं वाटलं. पहिला गोळा सुटला, धडाम, आणि ओटीवरून आप्पांचा आवाज आला. ओरडले नाहीत. नुसतं "आई गं" म्हणाले.

मूर्तीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ कानाकडे गळासारखी वाकली होती. आप्पांनी पुसली, अंगरंग लावला, पुन्हा आखली. ओल्या हवेत डाग उठून दिसला. संध्याकाळी मंडळाची माणसं आली. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ मूर्तीसमोर उभे राहिले, डावीकडे गेले, उजवीकडे गेले, आणि अगदी हळू म्हणाले, "देव तिरका बघतोय हो." ते मूर्ती न घेता गेले. आमच्या कारखान्यातून मूर्ती न घेता कुणी गेलं, असं त्याआधी झालं नव्हतं.

आप्पा मधल्या खोलीत आले. टीव्ही गेमची वायर उपटली, सगळं गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या त्या आवाजानं हात हलला. परत ब्रशला हात लावायचा नाय."

मी लावला नाही. कपाटातल्या पत्रिका मीच चुलीत घातल्या. पुढे महेश कारखान्यात गेला, मी शिकले, लग्न करून रोह्याला आले, एका शाळेच्या ऑफिसात लागले. दाखले लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे म्हणतात सगळे. दरवर्षी आमच्या घरचा गणपती पेणहून यायचा, आप्पांच्या हातच्या डोळ्यांचा, आणि मी आरतीला उभी राहिले की त्याच्या नजरेला नजर देऊ शकायचे नाही. पाटाकडे बघून आरती म्हणायचे. आमच्या सासूबाईंना वाटायचं सून फार भाविक आहे.

असो. तर ती कांडी पिशवीत घालून मी एका रविवारी पेणला गेले. आठ दिवसांतला तिसरा दिवस. घरात वेगळाच तणाव होता. आखणीसाठी महेशने बाहेरचा एक कारागीर सांगितला होता, तो दोन कारखान्यांत अडकलेला. आणि मूर्ती तर पुढच्या आठवड्यापासून बाहेर पडायच्या. महेश म्हणाला, "ताई, आता डोळ्यांचे तयार छाप मिळतात. ठेवायचा नि रंग फवारायचा. सगळे डोळे एकसारखे." हे तो आप्पांसमोर बोलला होता, आणि आप्पा दोन दिवस त्याच्याशी बोलत नव्हते. ओटीवर दीडशे मूर्ती नटूनथटून उभ्या होत्या, एकीलाही डोळा नाही.

मी कांडी खुपसली. खोका जपून, टोकं न दुमडता कोपऱ्यात ठेवला. आप्पा आरामखुर्चीत, तोंड भिंतीकडे.

"काय हाय तो?"

"गेम आहे. व्यायामासाठी. तुमच्या अंगठ्याला."

"माज्या अंगठ्याला काय झाला नाय."

पडद्यावर यादी आली. मी खाली जात राहिले. तेच, तेच, तेच! विमानाचा खेळ सात नावांनी. एका नावात नुसतीच आकड्यांची रांग. एक उघडला तर पडदा निळा. "हद्द झाली!" मी म्हटलं. "दहा हजार म्हणे! मेल्यांनो, वीस तरी द्यायचे! उद्याच्या उद्या तोंडावर नेऊन मारते." रिमोटही हलका, आत काही आहे की नाही असा, आणि बटण दाबलं की किंचित उशिराने चालायचं. माझा निर्णय झाला होता. घेण्याच्या लायकीचा नाही. मी कांडी उपटायला उठले.

"खाली जा," आप्पा टीव्हीकडे वळून म्हणाले.

"काय?"

"खाली जा गो. आणखी खाली. ह्यो नाय. ह्यो पण नाय. तो."

रणगाड्यांचा होता. नाव भलतंच होतं, पण चित्रावरून कळत होतं. आप्पांनी डावा हात पुढे केला, रिमोट घेतला, उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने उचलून लाल बटणावर ठेवला. मला वाटलं, चला, निदान धरला तरी.

आणि मग माझ्या डोळ्यांसमोर ते घडलं.

पहिली फेरी गेली. दुसरी गेली. अंगठा जड पडायचा, बटण उशिरा दबायचं, तरी आप्पा चुकतच नव्हते, कारण रणगाडा कुठून येणार ते त्यांना आधीच माहीत होतं. "तिसरा उजवीकडून," ते पुटपुटायचे, आणि तिसरा उजवीकडूनच यायचा. सातवी. आठवी. नवव्या फेरीला, जिथे महेश आणि मी हमखास मरायचो, तिथे त्यांनी आपलीच एक वीट फोडली, त्या भोकातून आडवा गोळा मारला, आणि फेरी संपली.

"आता पाण्याचा येल," आप्पा म्हणाले.

पडद्यावर पाणी आलं. निळं, लाटांचं. मी हे पाणी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आप्पा, तुम्हाला कसं ठाऊक?"

स्वयंपाकघरातून आई हसली. नीट, तोंडावर पदर घेऊन हसतात तशी. "त्यांना नाय ठाव तर कुणाला? तुमी साळंत गेलात की हाच गेम खेळत बसायचे. म्या चा करून द्यायचे."

"तू मला कधी बोलली नाहीस!"

"काय सांगायचा? बाप्या मानूस खेळतो म्हनून?"

मला हसू येणार होतं, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आप्पांचा अंगठा थांबला. रणगाडा फुटला. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला, डाव्या हाताने अंगठा चोळायला लागले, आणि त्या अंगठ्याकडेच बघत म्हणाले, "त्या दिशी पण असाच बधिर झाला हुता."

"कुठल्या दिवशी?"

ते माझ्याकडे बघेनात.

"आप्पा, कुठल्या दिवशी?"

"मंडळाच्या गणपतीच्या. सकाळपासून रंग सुकायची वाट बघत बसलो. तुमी दोघं भायेर. बसलो खेळत. दोन घंटे झाले आसतील. मग उठून आखनीला बसलो तर ह्यो अंगठा माझा नव्हताच. उजवा डोळा कसाबसा आखला. डावा आखताना ब्रश निसटला." थोडं थांबून ते म्हणाले, "तुझा आवाज मागून आला गो. रेघ आधी गेली हुती."

गरम अडॅप्टर. तीस वर्षं तो माझ्या तळव्यात होता आणि मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पण बोलले. शहात्तर वर्षांच्या, झटका आलेल्या माणसाला असं बोलावं का? बोलावं. मी म्हटलं, तुम्ही माझा हात काढून घेतलात. मी म्हटलं, मी तीस वर्षं देवाकडे वर बघून आरती म्हटली नाही. आई दारात आली आणि तिथेच उभी राहिली, तिचं हसू कुठल्या कुठे गेलेलं. तिला खेळण्याचं माहीत होतं, अंगठ्याचं नव्हतं. "अवो, हा काय केलात?" एवढंच ती म्हणाली.

"घाबरलो हुतो," आप्पा म्हणाले. "सगळा पेण म्हनाला आसता, बाप्या पोरांचे खेळ खेळतो नि देवाचा डोळा वाकडा करतो. तुला मागून सांगीन म्हटला. दिवाळीला सांगीन, गुढीपाडव्याला सांगीन. पन तू परत हातच लावला नाय. मग सांगायचा कसा?"

मी ओटीवर गेले. दीडशे आंधळ्या मूर्तींत जाऊन उभी राहिले आणि रडले. रागाने रडले, कुणाला वाटेल क्षमेने, अजिबात नाही. मला त्या आठवीतल्या पोरीची इतकी कीव आली की बस. चुलीसमोर बसून एकेक पत्रिका आत घालत होती, आणि भिंतीपलीकडे ज्याला खरं माहीत होतं तो माणूस जेवत होता.

मागून काठीचा आवाज आला. आप्पा उंबऱ्याशी उभे होते. त्यांच्या डाव्या हातात बारीक ब्रश होता, पाण्यात बुडवून टोक केलेला. त्यांनी तो पुढे धरला. मी हात पुढे केला नाही. आत टीव्हीवर खेळाची तीच ती धून वाजत होती.

शेवटी मीच म्हटलं, "कशावर काढू? पत्रिका नाहीत आता."

आप्पांनी इकडे तिकडे बघितलं. घरात हल्ली पत्रिका येतात कुठे, सगळी आमंत्रणं फोनवर. मग मी मधल्या खोलीत गेले, कोपऱ्यातला तो लाल-पिवळा खोका उचलला आणि टर्रकन फाडला. दहा हजारांचा आकडा मधोमध चिरला. आतली बाजू पांढरी, गुळगुळीत, रंग न शोषणारी. पत्रिकेहून सरस.

"अगो, परत द्यायचा हाय ना तो?" आई ओरडली.

"नाही द्यायचा," मी म्हटलं.

म्हणजे वस्तू कशी आहे, असं कुणी विचारलं तर मी आजही सांगेन, थुकरट आहे. खेळ खोटे, रिमोट हलके, एक बटण आत्ताच अडकतंय. घेण्यासारखी नाही. मी घेतली.

शाळेतून आठवडाभराची रजा काढली. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आप्पांना गेम आवडला का?" पहिल्या दिवशीचे डोळे भयंकर होते. एक चकणा, एक झोपाळू, एक अगदी आमच्या हेडमास्तरांसारखा. आप्पा खुर्चीतून बघायचे. "डावा मोठा झाला. वारा सोड." "खालची रेघ जाड. वारा सोड." चूक झाली की मी त्यांच्यावर खेकसायचे, ते ऐकून घ्यायचे. जेवण झालं की ते मधल्या खोलीत जाऊन रिमोट घ्यायचे. तिथेही आता चोरी नव्हती. आई उघड उघड चहा नेऊन द्यायची. खोक्याच्या चारी बाजू डोळ्यांनी भरल्या, मग महेशने तडा गेलेल्या तीन मूर्ती दिल्या, त्याही भरल्या. बाहेरचा कारागीर एकदाचा आला, मोठ्या मूर्तींना बसला. छापाचा विषय निघाला नाही.

आठव्या दिवशी महेशने माझ्यासमोर फूटभर उंचीची मूर्ती आणून ठेवली. आमच्या रोह्याच्या घरी बसणारा गणपती. "हा तुझ्याच घरी जाणार," तो म्हणाला. "तिरका बघितला तर तुझ्याकडंच बघल." आणि दात काढले.

उजवा डोळा झाला. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. पंखा लांब ठेवलेला. मी करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवली आणि डावीकडे वळले.

मधल्या खोलीत धडाम झालं. आप्पांचा रणगाडा.

"आप्पा, आवाज बंद करा!" महेश धावत आत गेला. "ताई आखणीला बसलीये!"

एकदम शांत झालं. आईसुद्धा भांडं हातात धरून थांबली. सगळं घर श्वास रोखून बसलं, आणि माझाही श्वास आत अडकला. ब्रशचं टोक थरथरायला लागलं.

"कुणी बंद केला?" मी ओरडले. "लावा परत! मोठा लावा!"

मग आतून गोळा सुटल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग सगळी लढाईच. मी वारा सोडला. डाव्या डोळ्याची वरची रेघ सोंडेपासून उचलली आणि एका दमात कानाकडे नेली. हात हलला नाही.